अनुभव धागा: पेशंट घरी आणला म्हणजे खर्च संपला?

गवतीचहा
काल एका लग्नाच्या पंगतीत शेजारचे गृहस्थ सहज म्हणाले, "घरीच आणलंय ना आता, म्हणजे खर्च आटोक्यात." माळ्यावरची हिशोबाची वही डोळ्यांपुढे आली. हॉस्पिटलचं पान त्यात एकच, बाकी सगळी डायपर, अंडरपॅड, ग्लोव्हज, लाइटबिल आणि मावशींचा पगार.

मेडिक्लेम काय किंवा सरकारी योजना काय, बहुतेक पैसा भरती असेपर्यंतच. डिस्चार्जनंतर पॉलिसीनुसार ६० किंवा ९० दिवस औषधं-तपासण्या मिळतात, पण प्रिस्क्रिप्शन आणि पक्कं बिल दोन्ही हवं. डायपर, ग्लोव्हज त्यात सहसा बसत नाहीत. तर पैसा कुठे गळतो आणि तिथे बूच कसं मारायचं, ते लिहा.

माझ्याकडून डायपर. झोपून असलेल्या माणसाला टेपवालाच घ्या. पँटवाला महाग, आणि दर वेळी पाय उचलून चढवावा लागतो. कंबर आणि नितंब दोन्ही मोजा, मोठं माप धरा. "सैल बरा" म्हणून एक साइज वरचा घेतला की मांडीच्या कडेने गळतो आणि चादर, अंडरपॅड, धुणं सगळं वाढतं. दिवसाला ४ धरले तर महिन्याला १२०, त्यामुळे नगामागे ५ रुपये वाचले तरी ६०० होतात. नवा ब्रँड आधी छोटं पाकीट घेऊन बघा, मग खोका.

चिंगी_ठाणे
+१. गॅसवर दूध आहे, नंतर येते.

वॉर्डातली ताई
एअर मॅट्रेस घेऊन लोक निर्धास्त होतात. तरीही दर २ तासांनी कूस बदलायचीच. पंपावरचा नॉब वजनाप्रमाणे लावा. गादी फुगल्यावर कमरेखाली, गादी आणि पलंगाच्या मधे हात घालून बघा. हाड हाताला लागलं तर हवा कमी, गादी दगडासारखी झाली तर जास्त. वर एकच पातळ चादर. जाड गोधडी टाकली की गादीचे पैसे वाया. आणि ती मधे भोक असलेली रबरी रिंग कृपा करून नको, कडेचा रक्तपुरवठा दबतो आणि जखम वाढते. खोल बेडसोरचं (पडून पडून होणाऱ्या जखमेचं) ड्रेसिंग महिनोन् महिने चालतं, रोजचं साहित्य आणि सिस्टरची व्हिजिट धरा.

कॅथेटर (लघवीची नळी): साधा लेटेक्सवाला साधारण २ ते ४ आठवड्यांत बदलावा लागतो, सिलिकॉनचा १२ आठवड्यांपर्यंत चालू शकतो. सिलिकॉन दिसायला महाग, पण प्रत्येक बदलाची व्हिजिट फी मिळवून बघा. युरोप बॅग कायम कमरेच्या खाली लटकवा.

अर्धवट_अण्णा
युरोप बॅग! ऑटोकरेक्टने तेवढीच परदेशवारी घडवली 😄

वॉर्डातली ताई
युरोबॅग हो अण्णा, लघवीची पिशवी. नाइट ड्युटीला निघालेय, बसमधून टाइप करतेय.

फेज_न्यूट्रल
ऑक्सिजन कॉन्सन्ट्रेटरचा हिशोब कुणी आधी सांगत नाही. ५ लिटरचं मशीन साधारण ३५० वॅट (मागचं स्टिकर बघा). २४ तासांना ८ युनिटच्या वर, महिन्याला २५०. घरचा वापर आधीच १५० असेल तर एकूण ४००, आणि ३००च्या वरची युनिटं महावितरणच्या वरच्या स्लॅबमध्ये जातात. म्हणून बिल दुपटीच्याही पुढे जातं.

इन्व्हर्टर घेणार असाल तर प्युअर साइन वेव्ह. आत कॉम्प्रेसर आहे, स्वस्तातल्या स्क्वेअर वेव्हवर तो गरम होतो. १५० एएचच्या एका बॅटरीवर साधारण ३ तास, त्यावर विसंबू नका. बी टाइप ऑक्सिजन सिलिंडर भरून ठेवा: १५०० लिटर, मिनिटाला २ लिटरने सुमारे १२ तास. मशीनचा मागचा फिल्टर आठवड्याला धुऊन पूर्ण वाळवून लावा, बाटलीत डिस्टिल्ड वॉटर आणि ते रोज बदलायचं.

चिंगी_ठाणे
आले. पोटात अन्न देतात त्या नळीतून नाचणीचं सत्त्व देतात का? पावडरचे डबे परवडत नाहीत हो.

वॉर्डातली ताई
देतात, पण डॉक्टर-डाएटिशियनला विचारून. शुगर, किडनी असेल तर बेत वेगळा. सत्त्व गार झालं की घट्ट होतं आणि नळी चोंदते, मग नवी नळी आणि पुन्हा व्हिजिट. ताकाइतकं पातळ करा, बारीक गाळणीतून दोनदा गाळा, कोमट द्या. एका वेळी २०० ते २५० मिली, डोकं ३० ते ४५ अंश वर, नंतरही निदान अर्धा तास तसंच. शेवटी ३०-५० मिली कोमट पाणी. गोळ्या एकेक वेगळी कुटून, मधे पाणी. एसआर, ईआर (हळूहळू विरघळणारी) किंवा एंटेरिक कोटेड (पोटात न विरघळणाऱ्या आवरणाची) गोळी कुटायची नाही, सिरप मागा.

चिंगी_ठाणे
🙏 ताई, बरं वाटलं वाचून.

मूळचे_देवरुख
घरी माणूस पुरवणारा ब्युरो. केअरटेकर, आणि एएनएम, जीएनएम या शिकलेल्या नर्स, असे तीन दर असतात. भरवणं, कूस, डायपर एवढंच असेल तर केअरटेकर पुरते. सक्शन (मशीनने कफ ओढणं), इंजेक्शन असेल तरच नर्स. ब्युरोवाला आधी नर्सच गळ्यात मारतो. कमिशन एकदाच की दरमहा, सुटीला बदली माणूस त्याच दरात का, चहा-जेवण कुणाचं, डिपॉझिट परत कधी, हे सगळं व्हॉट्सअपवर लेखी घ्या. त्याच पगारात भांडी घासायला सांगू नका, भांडण तिथूनच सुरू होतं.

फाउलर कॉट (डोक्याकडून वर होणारा हॉस्पिटलचा पलंग) विकत घेण्याआधी गावातल्या सेवाभावी संस्थांची रुग्णोपयोगी साहित्य केंद्रं बघा, डिपॉझिटवर मिळते. आणि आधी दरवाजा मोजा! कॉट ३ फूट रुंद, आपल्या फ्लॅटचे दरवाजे अडीच फूट.

अर्धवट_अण्णा
देवरुखात कुठे हो? आमचं आजोळ संगमेश्वर.

मूळचे_देवरुख
व्यनि (खासगी निरोप) करतो अण्णा.

जमाखर्च
टॅक्स. आकडे १९६१च्या कायद्यातले आणि फक्त जुन्या रेजिममध्ये. १ एप्रिल २०२६ पासून नवा कायदा आहे, तिथे कलमांचे नंबर वेगळे.
८०डीडीबी (ठरावीक आजारांच्या उपचारखर्चाची वजावट): कॅन्सर, क्रॉनिक रीनल फेल्युअर, पार्किन्सन्स, डिमेन्शिया वगैरे. मर्यादा ४०,००० आणि पेशंट ६० पूर्ण असेल तर १ लाख, मेडिक्लेमचे मिळालेले पैसे वजा करून. प्रिस्क्रिप्शन त्या विषयाच्या तज्ज्ञाचं लागतं, मेंदूविकारात ४०% अपंगत्व असल्याचंही हवं.
नुसता अर्धांगवायू या यादीत नाही, इथे लोक फसतात. अवलंबून असलेल्या माणसाचं यूडीआयडी (अपंगत्वाचं सरकारी कार्ड) काढा आणि ८०डीडी घ्या: ४०%ला ७५,००० आणि ८०%ला १,२५,०००, प्रत्यक्ष खर्च कितीही असो.
ज्येष्ठांचा विमाच नसेल तर ८०डीमध्ये औषधपाण्याचे ५०,००० पर्यंत, रोखीने दिलेले चालत नाहीत.

फेज_न्यूट्रल
पुन्हा भरती करावं लागलं तर रूमचं भाडं बघा. पॉलिसीत मर्यादा ५,००० आणि रूम ८,०००ची घेतली की डॉक्टर, नर्सिंग, ओटी सगळ्याचे ६२.५% च मिळू शकतात. औषधं, इम्प्लांट, तपासण्यांना ही कात्री लागत नाही, लावली तर भांडा.

कोल्हापुरी_ठसका
धर्मादाय हॉस्पिटल असेल तर १०% खाटा निर्धनांना मोफत, १०% दुर्बल घटकांना सवलतीत. वार्षिक उत्पन्न अनुक्रमे १,८०,००० आणि ३,६०,००० पर्यंत. तहसीलदाराचा दाखला, रेशनकार्ड, आधार घेऊन पहिल्याच दिवशी समाजसेवा अधीक्षकांना भेटा. बिल झाल्यावर गेलात तर "आधी का नाही आलात". ७० पूर्ण असतील तर आयुष्मान वय वंदना कार्ड, ५ लाख, उत्पन्नाची अट नाही.

माजी_कॅशियर
खातं एकट्याचं असेल तर शुद्धीत असतानाच आयदर ऑर सर्व्हायव्हर (दोघांपैकी कुणीही चालवू शकेल असं जॉइंट) करून घ्या. मुखत्यारपत्रावर भिस्त नको, माणसाचं भान गेलं की ते चालत नाही, मग कोर्टाकडून पालक नेमून घ्यावा लागतो. नुसता हात चालत नसेल तर अंगठा, तोही नसेल तर पायाचा अंगठा चालतो. दोन साक्षीदार लागतात, त्यातला एक बँकेचा अधिकारी. शाखेने नाही म्हटलं तर लेखी नकार मागा. एफडी मोडण्याआधी तिच्यावर ओव्हरड्राफ्ट किती टक्क्यांनी पडतो ते विचारा.

चिंगी_ठाणे
काका, हयातीच्या दाखल्याला बाबांना बँकेत न्यावंच लागतं का? जिन्यावरून उतरवणं शक्य नाही.

माजी_कॅशियर
नाही. जीवन प्रमाण (ऑनलाइन हयातीचा दाखला), फोनवर चेहरा दाखवून होतं. आधार फेस आरडी हे ॲपही डाउनलोड करावं लागेल. पीपीओ नंबर (पेन्शनच्या आदेशाचा नंबर) आणि पेन्शनचं खातं हाताशी ठेवा, बाबांच्या तोंडावर उजेड पडू द्या, पापणी मिटायला सांगा. ८० पूर्ण असतील तर १ ऑक्टोबरपासूनच करता येतं.