सल्ला हवा: मागे रडार असलेली अ‍ॅडव्हेंचर टूरिंग गाडी खान्देशात घ्यावी का?

पारोळेकर
नमस्कार मंडळी. घर पारोळ्याला, नोकरी धुळ्याला, त्यामुळे हायवे ५३ रोजचाच. सुट्टी मिळाली की सातपुड्यात, तोरणमाळ नाहीतर पाल. पुढच्या हिवाळ्यात सौ.ला घेऊन सुरतमार्गे कच्छला जायचं ठरतंय. आताची १५० सीसी बदलायची आहे. बजेट ऑन-रोड साडेतीन लाख, ताणलं तर चार.

माझी खरी काळजी मागून येणाऱ्या गाड्यांची आहे. संध्याकाळी परतताना मुकटीच्या पुढे कंटेनर एवढा खेटून जातो की हवेच्या झोतानं हँडल हलतं. आरशात दिवे दिसतात, पण गाडी किती लांब आहे आणि किती वेगात येतेय ते अंधारात कळत नाही. अल्ट्राव्हायोलेट कंपनीच्या एक्स-४७ या इलेक्ट्रिक मोटरसायकलला मागे रडार येतं हे वाचल्यापासून तेच डोक्यात आहे. आपल्याकडच्या रस्त्यांवर त्याचा उपयोग होतो का? की त्याच पैशात सरळ पेट्रोलवरची हिमालयन ४५० किंवा केटीएम ३९० अ‍ॅडव्हेंचर घेऊ? रडारची गाडी चालवलेल्यांनी जरूर सांगा.

सावदा_केळीपट्टा
राम राम भो. डोळे झाकून रडारवाली घे. आमच्याकडून संध्याकाळनंतर केळीच्या गाड्या भरून निघतात. माल नाशवंत, ड्रायव्हरला वेळेत उत्तरेत पोचायचं असतं, तो दुचाकीसाठी वेग कमी करत नाही. आम्ही रात्री फैजपूर रोडवर आरशात बघत बघतच गाडी चालवतो, मग पुढचा खड्डा दिसत नाही. मागची खबर गाडीनंच दिली तर नजर पुढे राहील.

सातपुडा_भटक्या
भाऊ, माझ्याकडे पुढे-मागे रडार असलेली मोठी विदेशी गाडी आहे. ती तुझ्या बजेटमधली नाही, पण काम कसं चालतं ते तिच्यावरून सांगता येईल.

आधी हे समज की 'रडारची गाडी' म्हणजे दोन वेगळ्या गोष्टी असतात. पुढचं रडार क्रूझ कंट्रोलसाठी असतं. पुढच्या गाडीपासून ठरलेलं अंतर राखायचं, ती हळू झाली की आपणही हळू व्हायचं. मागचं रडार ब्लाइंड स्पॉटसाठी, म्हणजे आरशात न दिसणाऱ्या कोपऱ्यात कोणी आलं की आरशाजवळचा दिवा लागतो. कारखान्यातून दोन्ही घेऊन निघालेली पहिली मोटरसायकल डुकाटीची मल्टिस्ट्राडा व्ही४, २०२० च्या शेवटी. बीएमडब्ल्यूची आर १३०० जीएस आपल्याकडे २०२४ मध्ये २०.९५ लाखांना आली, तिलाही रडार मिळतं. ट्रायम्फनं टायगर १२०० च्या एक्सप्लोरर मॉडेलला फक्त मागचं दिलं, सोबत ३० लिटरची टाकी. एक्स-४७ सप्टेंबर २०२५ मध्ये आली तेव्हा किंमत २.७४ लाखांपासून होती. म्हणून तर तुझ्या-माझ्यासारख्यांत ही चर्चा सुरू झाली.

आता तुझा रस्ता. केंद्राच्या रस्ते वाहतूक मंत्रालयाचा २०२२ चा अहवाल सांगतो की त्या वर्षी देशात १,६८,४९१ माणसं रस्ते अपघातांत गेली, त्यातली ४४.५ टक्के दुचाकीवरची. अपघातांच्या प्रकारांत सगळ्यात वर मागून धडक. तुझी भीती अगदी रास्त आहे.

गणित असं बघ. तू ७० नं चाललास, मागून कार ११० नं येतेय. फरक ताशी ४० किलोमीटरचा, म्हणजे सेकंदाला ११ मीटर. रडारनं ती ७० मीटरवर पकडली तरी तुझ्या हातात सहा सेकंद आहेत. डावीकडे सरकायला तेवढे पुरतात. आरशात दोन दिव्यांवरून वेग ओळखता येत नाही. रडारला तो थेट मिळतो, कारण जवळ येणाऱ्या वस्तूवरून परतणाऱ्या लहरीची वारंवारता बदलते. रात्र असो, तापीकाठचं धुकं असो, की संध्याकाळी सुरतेकडे जाताना डोळ्यात येणारं ऊन असो, त्याला फरक पडत नाही. कॅमेऱ्याला पडतो.

भुसावळहून रात्री येताना मी ट्रॅक्टर ओलांडायला उजवीकडे वळणार, तोच उजव्या आरशातला पिवळा दिवा लागला आणि इंडिकेटर देताच लुकलुकायला लागला. आरशात काहीच नव्हतं. मी जागेवर राहिलो आणि दिवे बंद असलेली पिकअप शेजारून सणाणत गेली. त्या दिवसापासून मागच्या रडारवर माझा पूर्ण विश्वास आहे.

पुढच्या रडारबद्दल मात्र मी एवढं बोलणार नाही. चौपदरी रस्त्यावर ते छान चालतं. पण आपल्याकडे समोरून राँग साइडनं मोटरसायकल येते, बांधावरून शेळी उतरते, कापसाची ट्रॉली दिव्याशिवाय कडेला उभी असते. क्रूझ कंट्रोलचं रडार मुख्यतः पुढे चालत्या गाडीचा माग घेतं. उभ्या वस्तूवर ते थांबवेल या भरवशावर राहायचं नाही. तोरणमाळच्या सातपायरी घाटात तर मी क्रूझ बंदच ठेवतो. वळणावर गाडी कलली की पुढची गाडी रडारच्या टप्प्यातून निसटते. म्हणून तुझ्या बजेटमध्ये पुढचं रडार येत नाही याचं वाईट वाटून घेऊ नकोस.

आणखी एक. पावसाळ्यात काळ्या मातीच्या रस्त्यावरून आलं की मागच्या रडारच्या झाकणावर चिखलाचा थर बसतो, मग स्क्रीनवर सेन्सर झाकल्याची सूचना येते. ओल्या फडक्यानं पुसलं की चालू. डिकीत फडकं ठेवायचं.

पारोळेकर
दादा, एवढं सविस्तर लिहिलंत, मनापासून आभार. मागचं रडार हवंच, हे आता पक्कं. पण इलेक्ट्रिकचं काय? मोठ्या बॅटरीची ३२३ किलोमीटर रेंज लिहिली आहे. कच्छ जमेल?

चाळीसगावकर
ते ३२३ म्हणजे आयडीसी, चाचणीतला आकडा. बॅटरी १०.३ किलोवॅट-तासांची. हायवेला ८०-९० नं सलग चालवलीस, मागे वहिनी आणि सामान, त्यात कोंडाईबारीचा चढ, तर त्याच्या जवळपासही जाणार नाही. धुळे-सुरत सव्वादोनशे किलोमीटर धर. मध्ये एकदा चार्जिंगला थांबायचं धरूनच निघ, आणि वाटेतला चार्जर चालू आहे का ते आदल्या दिवशी फोन करून विचार. शिवाय आपला मे महिना ४५ अंशांचा. बॅटरी तापली की इलेक्ट्रिक गाडी स्वतःच ताकद कमी करते.

माझं मत हिमालयनकडे. १७ लिटरची टाकी, पेट्रोल पंप कुठेही, आणि खड्ड्यात वाकलेलं रिम आपल्या गल्लीतही सरळ करून मिळतं. उरलेल्या पैशात चांगले टायर, जास्तीचे दिवे आणि चांगलं हेल्मेट घे.

सातपुडा_भटक्या
चाळीसगावकर, कच्छपुरतं तुमचं बरोबर. पण भाऊ कच्छला वर्षातून एकदा जाणार, मुकटीवरून रोज जाणार. जाऊन-येऊन सत्तर-बहात्तर किलोमीटर, रात्री घरच्या प्लगवर चार्ज. गाडी रोजच्या रस्त्यासाठी घ्यायची असते, आणि त्या रस्त्यावर धोका मागूनच आहे. मी त्याच्या जागी असतो तर एक्स-४७ घेतली असती. अट एकच: सर्व्हिस सेंटर किती लांब आहे आणि गाडी अडली तर उचलून कोण नेणार, हे बुकिंगआधी लेखी घ्यायचं. रडार कुठल्या व्हेरिएंटला येतं तेही किंमतपत्रकावर बोट ठेवून विचारायचं.

भुसावळची_रायडर
दादा, वहिनी मागे बसणार म्हणून सांगते. मागचं रडार टेललाइटच्या आसपास असतं. साडीचा पदर, ओढणी किंवा दोरीनं बांधलेली ताडपत्री त्याच्यासमोर लोंबली तर ते आंधळं होतं. सामान बाजूच्या बॅगांत भरा. पदर तर चाकासाठीही खोचलेलाच हवा.

टेस्ट राइड दोनदा घ्या. एकदा दुपारी दोनला, कडक उन्हात आरशाजवळचा दिवा दिसतो का ते बघायला. दुसऱ्यांदा अंधार पडल्यावर, पारोळा चौफुलीच्या गर्दीत. तिथे दोन्ही बाजूंनी रिक्षा असतात, इशारा सारखा लागत राहतो. त्याचा त्रास झाला तर संवेदनशीलता कमी करता येते का, ते तिथल्या तिथे विचारा.

सावदा_केळीपट्टा
ताईंनी लाखमोलाचं सांगितलं. आणि भो, रडार असलं तरी मान वळवून बघायचं सोडू नको. सांभाळीसन चालाड.

पारोळेकर
रविवारी दुपारची टेस्ट राइड ठरवतो, सौ.ला मागे बसवूनच. सर्व्हिसचं लेखी काय देतात ते इथेच टाकतो.