दूधसागर: जुलैत ट्रेनमधून की ऑक्टोबरात जीपने?

घाटवाट (धागाकर्ता): दर पावसाळ्यात तोच सल्ला फिरतो, 'दूधसागर बघायचा तर भर जुलैत'. माझं मत उलट आहे. ३१० मीटरचा धबधबा पायथ्याला उभं राहून बघायचा तर ऑक्टोबरचा दुसरा पंधरवडा ते नोव्हेंबर. पावसाळ्यात कुळ्याहून (गोव्यातलं घाटाखालचं स्टेशन) जाणाऱ्या जीप बंद असतात. अभयारण्यातल्या त्या कच्च्या रस्त्याला ओढे आडवे येतात आणि गाडी थेट पाण्यातून काढावी लागते. मग लोक रूळ धरतात, आणि तो रेल्वे कायद्याच्या कलम १४७ खाली गुन्हा आहे. सहा महिन्यांपर्यंत कैद, हजारापर्यंत दंड किंवा दोन्ही.

खिडकीची_सीट: रूळ तुडवा असं म्हणतंय कोण? गाडीत बसून बघा की! पूल धबधब्याच्या अगदी पुढ्यातून जातो, तुषार डब्यात येतात. कॅसलरॉक (घाटमाथ्यावरचं स्टेशन) ते कुळे घाटाचा चढ १:३७, म्हणजे ३७ मीटरला एक मीटर, त्यामुळे गाडी संथच असते. तिकीट काढताना कुळे आणि कॅसलरॉक या दोन्ही ठिकाणची वेळ उजेडातली आहे ना, एवढं बघा. काही गाड्या घाट रात्री ओलांडतात, तिथे सगळा बेत फसतो. आणि एसी नको, स्लीपर घ्या. बंद काचेवर ओघळ येतात, फोटोत पांढरा फराटा सोडून काही दिसत नाही.

घाटवाट: एवढं करून दर्शन मिनिटभराचं. धुकं उतरलं असेल तर तेही नाही.

खिडकीची_सीट: त्या मिनिटात जेवढं पाणी दिसतं तेवढं तुमच्या नोव्हेंबरात पूर्ण दिवसात दिसणार नाही. वर सोडायला मोठं धरण नाही, पाऊस थांबला की धार बारीक व्हायला लागते.

दोन_डबे_मागे: पूर्वी सगळे दूधसागर स्टेशनला उतरून चालत जायचेच. इतका बाऊ कशाला? गाडी आली की बाजूला व्हायचं.

रूळमित्र: बाजूला कुठे? रूळ एकेरी, एकीकडे कापलेला डोंगर, दुसरीकडे दरी, मध्ये भुयारं. भुयारात गाडी आणि भिंत यांच्यात माणूस जेमतेम मावतो, तोही अंग चोरून. त्यात धबधब्याजवळ पाण्याचा आवाज एवढा की हॉर्न उशिरा कानावर येतो. उतारावरची गाडी तर आणखी दगा देते, कारण इंजिनावर जोर नसल्याने तिची घरघर कमी. आणि १:३७ च्या उतारावर भरलेली मालगाडी माणूस दिसला म्हणून जागच्या जागी थांबत नाही. जुलै २०२३ मध्ये रुळांवर गर्दी लोटली तेव्हा रेल्वे पोलिसांनी पोरांना उठाबशा काढायला लावल्या. लोक व्हिडिओ बघून हसले. माझ्या मते ती शिक्षा स्वस्तातली होती.

म्हादईकाठ: रुळांबद्दल शंभर टक्के सहमत. पण ऑक्टोबर म्हणजे सुख, असंही कुणी समजू नये. जीपमध्ये सात जण बसतात. दोघंच असाल तर उरलेल्या जागा भरेपर्यंत ताटकळायचं, नाहीतर अख्ख्या गाडीचे पैसे मोजायचे. शनिवार-रविवारी काउंटर उघडायच्या आधीच रांग असते. फेऱ्यांवर मर्यादा असल्याने अकराला पोहोचलेला माणूस बऱ्याचदा तसाच परत फिरतो. जीप थेट धबधब्याशी नेत नाही, शेवटचा टप्पा दगडांवरून पायी. चप्पल नको, पकड असलेले बूट हवेत. लाइफ जॅकेटशिवाय डोहात उतरू नका. डोह खोल आहे, पाणी थंडगार. खाऊची पिशवी हातात दिसली की माकडं सोडत नाहीत. हंगाम ऑक्टोबरच्या सुरुवातीला उघडतो असं धरतात, पण ओढे उतरले नाहीत किंवा बुकिंगवरून जीपवाल्यांचा वाद पेटला तर तारीख पुढे जाते. जीप सुरू झाल्याची खात्री केल्याशिवाय हॉटेलचे पैसे भरू नका.

खिडकीची_सीट: म्हणजे रांग, जीप, जॅकेट, माकडं. आणि मी मडगावला चढून लोंढ्याला उतरतो!

घाटवाट: चढा. पण लहान मुलं बरोबर असतील तर दारात उभं राहू नका, त्या ओल्या पायरीवरून पाय सटकतो.

नवखा_प्रवासी: नाताळात गोव्यात आहोत. जीपने जावं का?

म्हादईकाठ: २५ ते १ सोडून मधला वार गाठा, मुक्काम आदल्या रात्री कुळे किंवा मोल्यात. किनाऱ्यावरून पहाटे निघून रांगेत पुढे लागणं अवघड आहे. पाणी असेल, पण जुलैचे फोटो मनात ठेवून येऊ नका. मार्चमध्ये मात्र त्यासाठी वाट वाकडी करू नये.

खिडकीची_सीट: हेच तर सांगतोय, जुलैत या.