प्रतिसाद: आईबाबांसह पबवारी, लीड्स ते मँचेस्टर

आईबाबांना घेऊन इंग्लंडात लीड्स ते मँचेस्टर वाटेतले पब कसे करावेत, असं विचारलंय तुम्ही. सात जण, त्यात सासूबाई आणि नऊ वर्षांची मुलगी, म्हणजे गाडी विसरा, ट्रेनच घ्या. ड्यूजबरी, हडर्सफिल्ड, मार्सडन, स्टेलिब्रिज. चार थांबे पुरेत. ड्यूजबरी आणि स्टेलिब्रिजचे पब फलाटावरच आहेत, हडर्सफिल्डला स्टेशनच्या इमारतीतच दोन. मार्सडनला मात्र गावात उतरून चालावं लागतं, आणि तिथे प्रत्येक गाडी थांबत नाही. एक चुकली की तासभर गेलाच, म्हणून परतीची वेळ आधी बघून ठेवा. या मार्गाचं काम सुरू असल्याने शनिवार-रविवारी ट्रेनऐवजी बस असू शकते, तेही तपासा. शनिवारी दुपारनंतर पिणाऱ्यांची टोळकी असतात. मुलीसाठी रविवार सकाळच बरी.

पाइंट, म्हणजे पबमधलं बिअरचं माप, ५६८ मिलीचा. चार ठिकाणी जायचं तर हाफ (अर्धा पाइंट) घ्या, २८४ मिली. कास्क एल (पिंपातच मुरणारी पारंपरिक बिअर) ११ ते १३ अंश सेल्सिअसवर देतात. "बिअर गरम आहे" म्हणून परत करू नका, ती तशीच असते. आंबट व्हिनेगरसारखी लागली तर मात्र बेलाशक बदलून मागा.

शाकाहारींसाठी महत्त्वाचं: कास्क बिअर नितळ करायला बऱ्याचदा माशाच्या पोटातल्या हवेच्या पिशवीपासून केलेलं आयसिंग्लास वापरतात. "अनफाइन्ड" (असं काही न घालता तशीच ठेवलेली) आहे का विचारा, ती थोडी गढूळ दिसते. यॉर्कशायरात (लीड्सच्या भागात) चिप्सही, म्हणजे बटाट्याचे तळलेले जाड तुकडे, अनेकदा गाईच्या चरबीत तळतात, सासूबाईंसाठी मागवण्याआधी विचाराच.

ऑर्डर आणि पैसे काउंटरवर, टेबलाशी कोणी येत नाही. दुपारचं स्वयंपाकघर बरेचदा अडीचलाच बंद होतं.