कोन्हुंतोची जागा कुठली: महोत्सव की शेजाऱ्याचं परस?

रिओकाठ:
राहायला टेक्सासच्या दक्षिण टोकाला, रिओ ग्रांदे नदीजवळ. इथल्या मेक्सिकन-अमेरिकन वस्तीत कोन्हुंतो वाजतो: बटणांचं ॲकॉर्डियन, गिटारसारखा बारा तारांचा बाहो सेक्स्तो, जोडीला बेस आणि ड्रम. जर्मन आणि चेक वसाहतकऱ्यांचा पोल्का शेतमजुरांनी उचलला आणि आपलासा करून टाकला. आता सॅन अँटोनियोत १९८२ पासून त्याचा मोठा महोत्सव भरतो, वारसा-वारसा म्हणून कौतुक होतं. माझं मत स्पष्ट आहे: वारसा म्हटलं की गाणं फोटोत गेलं, हार घालायचा तेवढा बाकी. कोन्हुंतो ऐकावा तो शेजाऱ्याच्या परसात. मेस्कीटच्या लाकडावर मांस चरचरतंय, कुणाचा तरी काका ॲकॉर्डियन काढतोय आणि कुंपणावरून फॉइल झाकलेली ताटली येतेय. (ती आम्ही रिकामी परत करत नाही. शंकरपाळे जातात, हातोहात संपतात.) तिकीट, मांडव, सत्कार यात ही मजा कुठे?

तालमणी:
साफ असहमत. कोन्हुंतो निव्वळ परसातला कधीच नव्हता. ॲकॉर्डियनवादक नार्सिसो मार्तिनेसची पहिली रेकॉर्ड १९३६ मध्ये निघाली ती ब्लूबर्ड या रेकॉर्ड कंपनीच्या लेबलवर, विकण्यासाठी. डाव्या हाताची खर्जाची बटणं त्याने जवळजवळ सोडूनच दिली, ते काम सांतियागो आल्मेइदाच्या बाहो सेक्स्तोवर टाकलं आणि उजवा हात सुसाट सुटला. आज आपण ज्याला कोन्हुंतोचा बाज म्हणतो तो हाच. १९५० च्या दशकात तोनी दे ला रोसा या ॲकॉर्डियनवादकाने विजेवरचा बेस आणला, लय थोडी सैल केली. कारण नाचाच्या हॉलमध्ये एवढी पावलं घासत असताना आवाज मागच्या भिंतीपर्यंत पोचायला हवा होता. काकांच्या परसात ॲम्प्लिफायर लागत नाही.

आणि या संगीताचा जनक म्हणवला जाणारा मार्तिनेस उतारवयात टेक्सासातल्या ब्राउन्सव्हिलच्या प्राणिसंग्रहालयात जनावरांना खाऊ घालायची नोकरी करत होता. १९८३ मध्ये त्याला राष्ट्रीय सन्मान मिळाला, तो तुमच्या नावडत्या वारसावाल्यांमुळेच.

रिओकाठ:
सत्तरी उलटल्यावर! उमेदीच्या काळात त्याला ऐकलं कुणी? शेतमजुरांनी. वरच्या वर्गातल्या मेक्सिकन-अमेरिकनांना ॲकॉर्डियनची लाज वाटायची, त्यांना ऑर्केस्ट्रा हवा होता.

भाकरतुकडा:
+१ रिओकाठ. नियम आणि संस्था आल्या की काय होतं ते बार्बाकोआला विचारा. (शाकाहाऱ्यांनी पुढचं वाक्य सोडावं.) गाईची अख्खी मुंडी गुंडाळून जमिनीतल्या खड्ड्यात मेस्कीटच्या निखाऱ्यांवर रात्रभर ठेवायची, सकाळी गालाचं मांस नुसत्या बोटानं सुटतं. आरोग्य खात्याच्या नियमांपुढे हॉटेलवाल्यांचे असे खड्डे बुजले. ब्राउन्सव्हिलचं व्हेराज हे हॉटेल १९५५ पासूनचं, जुनं म्हणून सूट मिळाली आणि टिकलं. २०२० मध्ये त्याला जेम्स बिअर्ड, म्हणजे अमेरिकेतला खाद्यक्षेत्रातला मानाचा पुरस्कार! आधी बाकीच्यांचे खड्डे बुजवायचे, मग उरलेल्या एकाला शाल-श्रीफळ.

सौ_चिकित्सक:
शेजारधर्माचं कौतुक चाललंय म्हणून विचारते, राबतंय कोण? नाताळच्या तामालेंसाठी (मक्याच्या पिठात सारण भरून वाफवलेल्या गुंडाळ्या) चुन्याच्या पाण्यात शिजवलेला मका दळायचा, चरबी घालून पीठ फेटायचं, भिजवलेल्या कणसाच्या एकेका सालीवर ते पसरायचं, मग सारण, घडी, वाफ. तेही डझनावारी. टेबलाभोवती बहुतेक बायकाच. पुरुष बाहेर, निखाऱ्यांशी आणि बिअरशी.

आणखी एक. घरात मोठं आजारपण आलं की हेच शेजारी चिकनची ताटं करून विकतात: भात, बीन्स, कोंबडीचा तुकडा, फोमच्या डब्यात. करणाऱ्यांना नमस्कार. पण आरोग्यविमा नसलेल्यांचं प्रमाण अमेरिकेत सर्वांत जास्त टेक्सासात आहे. दवाखान्याचं बिल डबे विकून भरावं लागतं, याला मी संस्कृती म्हणणार नाही.

रिओकाठ:
बिलाबद्दल वाद नाही. पण तामालेंच्या टेबलावरून बायकांना उठवून बघा! गल्लीतल्या सगळ्या भानगडी तिथेच निघतात.

सौ_चिकित्सक:
भानगडी हात न चालवताही निघतात. या वर्षी पीठ तुम्ही फेटा.

भाकरतुकडा:
=)) रिओकाठ, सापडलात.

तालमणी:
मूळ मुद्द्यावर येतो. महोत्सवात लोक हार घालायला जातात असं वाटत असेल तर एकदा जाऊन या. मंचासमोर नाचायला मोकळी जागा असते, म्हातारी जोडपी घड्याळाच्या उलट दिशेने गोल फिरत असतात, पाय जेमतेम उचलत. खाण्याचे ठेलेही असतात. फरक इतकाच की मंचावरच्या माणसाला मानधन मिळतं. तुमच्या शेजाऱ्याच्या काकांना त्या रात्रीचे कोण किती देतं?

रिओकाठ:
पैसे कोण देणार? घरचाच माणूस. जेवण असतं, बिअर असते.

तालमणी:
मार्तिनेसलाही रेकॉर्डवर रॉयल्टी नव्हती. बिअरचं माहीत नाही.