'मोहरीरंगी' की 'पिवळसर खाकी'?

आडवाट : पहिल्या महायुद्धातील फ्रेंच वसाहती सैन्याच्या पोशाखांवरील एक लेख मी मराठीत आणत आहे. १९१४ मध्ये उत्तर आफ्रिकेतून आलेल्या 'झुआव' नावाच्या फ्रेंच पायदळ पलटणी आखूड जाकीट, घोळदार लाल तुमान आणि 'शेशिया' ही लाल गोंडेदार टोपी अशा वेशात फ्रान्समध्ये लढायला उतरल्या. तो लाल रंग शत्रूच्या नजरेत भरत असल्यामुळे टोपीवर खोळ चढली आणि १९१५ पासून आफ्रिकी व वसाहती पलटणींना जी खाकी मिळू लागली, तिला फ्रेंचमध्ये 'मोहरी' हेच विशेषण आहे. मी 'मोहरीरंगी' असे लिहिले, तेव्हा पहिल्याच वाचकाने विचारले, की हे सैनिक काळ्या कपड्यांत होते का?

पारंबी : वाचकाचे चुकले नाही. आपल्या डोळ्यांसमोर फोडणीतली मोहरी येते, फ्रेंचांच्या डोळ्यांसमोर वाटलेली. माझी आजी लोणच्यासाठी मोहरी फेसत असे आणि फेसता फेसता ती फिकट पिवळी होत जाई. 'फेसलेल्या मोहरीच्या रंगाची खाकी' असे लिहावे.

शमी : मोहरीची डाळही पिवळीच असते, परंतु एवढा खटाटोप कशासाठी? 'खाकी' हा शब्द इंग्रजांनी हिंदुस्थानातून नेला आणि फ्रेंचांनी त्यांच्याकडून घेतला. घरी परतलेल्या शब्दाला विशेषण जोडू नये.

जुनी वही : 'जळून खाक झाले' यातली खाक म्हणजे राख. त्यामुळे खाकी हा मुळात राखाडी रंग असला पाहिजे, असे मला लहानपणापासून वाटत आले आहे.

शमी : फारसीत 'खाक' म्हणजे धूळ, माती. राखेचा अर्थ मराठीत रुळला, पण रंगाचे नाव धुळीवरूनच पडले आहे.

आडवाट : नुसत्या 'खाकी'ने माझे भागत नाही, कारण त्याच लेखात ब्रिटिशांची खाकीही आहे आणि फ्रान्सच्या मुख्य भूमीवरील पायदळाचा 'क्षितिजनिळा'ही. त्या निळ्याची कथा रंगाचीच आहे : जुलै १९१४ मध्ये निळ्या, पांढऱ्या व लाल धाग्यांचे कापड मंजूर झाले होते, परंतु लाल रंगासाठी लागणारे अलिझरीन जर्मनीतून येत असल्यामुळे लाल धागा गळला आणि फिकट निळे कापड उरले.

पारंबी : म्हणजे ते लाल 'मंजिष्ठी' म्हणा. अलिझरीन हा मुळात ज्या वनस्पतीच्या मुळांतून निघणारा रंग, ती फ्रेंच 'गारांस' आपल्या मंजिष्ठेचीच बहीण आहे. 'लाल' या शब्दात ती वनस्पती हरवते.

जुनी वही : पण तेव्हा अलिझरीन कारखान्यात बनत असताना वनस्पतीचे नाव देणे दिशाभूल करणारे नाही का?

पारंबी : नाही. रंगाची नावे वस्तू बदलली तरी टिकतात. आज कोणत्या शेंदरी साडीत शेंदूर असतो?

शमी : मला त्याहून अधिक खटकते ते मसुद्यातील 'वर्दी'. मराठीत वर्दी म्हणजे खबर. 'पोलिसांना वर्दी दिली' असे आपण म्हणतो. पोशाखासाठी 'गणवेश' आहे.

आडवाट : 'गणवेश' म्हटले की शाळा आठवते. खंदकातल्या माणसाला तो शब्द शोभत नाही.

जुनी वही : आमच्या गावी फौजेतून सुटीवर आलेले सगळे 'वर्दी'च म्हणत, आणि तिचा मान राखून म्हणत. याच आफ्रिकी सैन्यातील घोडदळाला 'स्पाही' म्हणतात आणि आपला 'शिपाई'ही त्याच फारसी मुळाचा आहे. शिपाई चालतो, खाकी चालते, मग वर्दीलाच आडकाठी का?

शमी : कारण तिथे मराठीत त्याच शब्दाला वेगळा, जिवंत अर्थ आहे.