मदत हवी आहे: तालमींच्या आठवणींच्या पॉडकास्टसाठी होस्टिंग कोणते निवडावे?

नमस्कार.

कोल्हापुरातील तालमींच्या आठवणी ध्वनिमुद्रित करण्याचे काम आमच्या वाचनालयातील काही जणांनी हाती घेतले आहे. गंगावेश, मोतीबाग, शाहूपुरी अशा तालमींत घडलेले आणि आता सत्तरी-ऐंशीत असलेले मल्ल व वस्ताद खुराकापासून खासबाग मैदानातल्या कुस्त्यांपर्यंत जे सांगतात, ते त्यांच्याच बोलीत, शक्य तितकी कमी काटछाट करून पॉडकास्टच्या रूपात प्रसिद्ध करावे असा विचार आहे. मल्ल गणपतराव आंदळकर २०१८ साली आणि पहिले हिंदकेसरी श्रीपती खंचनाळे २०२० साली गेले. त्या पिढीतील जी मंडळी आज बोलत आहेत त्यांचे बोलणे पुन्हा मुद्रित करता येईल याची खात्री नसल्यामुळे, हे भाग दहा वर्षांनंतरही त्याच पत्त्यावर सापडावेत अशी आमची पहिली अट आहे.

माझ्या समजुतीप्रमाणे होस्टिंग सेवा आपली एमपी३ फाइल साठवते आणि आरएसएस फीड, म्हणजे भागांची माहिती आणि पत्ते असलेली यादी, तयार करते. ॲपल पॉडकास्ट्स, स्पॉटिफाय, ॲमेझॉन म्युझिक ही ॲप्स ती फीड वाचून भाग दाखवतात, त्यामुळे प्रत्येक ॲपवर फाइल वेगळी चढवावी लागत नाही, फीडचा पत्ता तेवढा एकदा नोंदवावा लागतो. इथपर्यंत अडचण नाही. अडचण आहे ती फीड कोणाकडे ठेवायची याची.

सर्वांत सोपा मार्ग स्पॉटिफाय फॉर क्रिएटर्सचा दिसतो, कारण तो विनामूल्य आहे. परंतु ही सेवा मुळात अँकर या नावाने चालत असे. स्पॉटिफायने ती २०१९ मध्ये विकत घेतली, २०२३ मध्ये तिचे नाव बदलले आणि २०२४ मध्ये पुन्हा बदलले. गूगल पॉडकास्ट्स हे ऐकण्याचे ॲप तर २०२४ मध्ये बंदच झाले. हे सर्व पाहता मोफत सेवेवर किती विसंबावे असा प्रश्न पडतो. बझस्प्राउट, ट्रान्झिस्टर, पॉडबीन यांसारख्या सशुल्क सेवा चांगल्या असल्याचे ऐकतो, पण त्यांचे शुल्क डॉलरमध्ये आहे आणि वाचनालयाकडून आम्हाला वर्षाला फार तर सहा हजार रुपये मिळू शकतील. बझस्प्राउटच्या मोफत योजनेत महिन्याला दोन तासांची मर्यादा आहे, ती आम्हाला पुरेल. मात्र त्या योजनेतील भाग ९० दिवसांनी काढून टाकले जातात, म्हणजे आमची पहिली अटच मोडते. तिसरा पर्याय वर्डप्रेस या संकेतस्थळ चालवण्याच्या प्रणालीचा. वाचनालयाचे स्वतःचे डोमेन आणि शेअर्ड होस्टिंगवरील (एकाच सर्व्हरवर अनेकांची संकेतस्थळे) छोटे संकेतस्थळ आधीपासून आहे, त्यावर पॉवरप्रेस हे प्लगइन (जोड-प्रोग्राम) बसवून फीड तयार करता येईल असे वाचले.

महिन्याला साधारण ४५ मिनिटांचे दोन भाग होतील. श्रोत्यांपैकी बहुतेक जण जिल्ह्यातले, इचलकरंजी-गडहिंग्लजकडचे आणि व्हॉट्सॲपवर दुवा आला तरच ऐकणारे आहेत. थोडे पुण्या-मुंबईत आणि परदेशात आहेत, ते आयफोनवर शोधतील.

मोफत सेवेपासून सुरुवात करून पुढे दुसरीकडे गेल्यास जुने श्रोते आणि भाग सोबत येतात का? वर्डप्रेसवर फीड ठेवल्यास ध्वनिफाइली कोठे ठेवाव्यात? आणि यूट्यूबसाठी वेगळे काही करावे लागते का? अनुभवी मंडळींनी मार्गदर्शन करावे, ही विनंती.

पहिला प्रतिसाद

आपण घातलेली अट योग्य आहे, आणि तिचे उत्तर सेवा मोफत आहे की सशुल्क यावर अवलंबून नसून फीडचा पत्ता कोणाच्या डोमेनवर आहे यावर अवलंबून आहे.

एका सेवेतून दुसरीकडे जाता येते. जुन्या फीडच्या पत्त्यावर ३०१ प्रकारचे कायमचे पुनर्निर्देशन (जुन्या पत्त्यावर आलेल्यांना आपोआप नव्या पत्त्याकडे वळवणे) लावायचे, नव्या फीडमध्ये नवा पत्ता सांगणारा टॅग घालायचा, आणि ॲपलच्या सूचनेप्रमाणे ही व्यवस्था किमान चार आठवडे चालू ठेवायची. स्थलांतरात प्रत्येक भागाची ओळख-खूण, म्हणजे जीयूआयडी, जशीच्या तशी राहिली पाहिजे. ती बदलली तर सगळे जुने भाग ॲपमध्ये नवीन म्हणून पुन्हा उमटतात आणि श्रोते वैतागतात. स्पॉटिफाय फॉर क्रिएटर्समध्येही पुनर्निर्देशनाची सोय आहे, त्यामुळे तिथे गेल्याने कोणी अडकून पडत नाही. परंतु पुनर्निर्देशन हे शेवटी जुन्या कंपनीच्या इच्छेवर चालते, तर स्वतःच्या डोमेनवरील पत्ता वार्षिक नूतनीकरण भरत राहिलात की आपलाच राहतो. म्हणून आपल्याला मी वर्डप्रेस आणि पॉवरप्रेस सुचवेन.

ध्वनिफाइली मात्र शेअर्ड होस्टिंगवर ठेवू नयेत. बोलण्याच्या कार्यक्रमाला मोनो (एकाच वाहिनीचा आवाज) आणि ६४ केबीपीएस (सेकंदाला ६४ किलोबिट) पुरेसे असते. ४५ मिनिटांची अशी फाइल सुमारे २२ एमबी होते. पाचशे जणांनी ती उतरवली की ११ जीबी झाले, आणि हे बहुधा भाग प्रसिद्ध झाल्यावर पहिल्या दोन-तीन दिवसांतच घडते. स्वस्त होस्टिंग नेमके तेव्हा दम टाकते. क्लाउडफ्लेअरची आर२ ही साठवण सेवा पाहा: दरमहा १० जीबीपर्यंत साठवण विनामूल्य आहे आणि फाइल उतरवून घेण्याच्या वाहतुकीचे वेगळे पैसे पडत नाहीत. वर्षाला आपल्या २४ भागांचे मिळून अर्धा जीबी होईल, म्हणजे बरीच वर्षे काळजी नाही. शिवाय तिला आपल्याच डोमेनचा उपपत्ता जोडता येतो. इंटरनेट अर्काइव्ह या डिजिटल संग्रहाच्या संकेतस्थळावर प्रत्येक भागाची दुसरी प्रत अवश्य ठेवा, पण फीडमध्ये तो पत्ता देऊ नका. ऑक्टोबर २०२४ मधील सायबर हल्ल्यानंतर ते संकेतस्थळ काही दिवस बंद होते.

फाइलींची नावे रोमन अक्षरांतच ठेवावीत, कारण देवनागरी नावांचे पत्ते लांबलचक होतात आणि काही ॲप्स त्यांवर अडखळतात. भागांची शीर्षके मराठीतच असू द्या. वर्णनात मात्र मल्लाचे आणि तालमीचे नाव एकदा रोमन लिपीतही लिहा, कारण शोधताना बहुतेक लोक तसेच टंकतात. मुखचित्र चौरस आणि १४०० ते ३००० पिक्सेलच्या दरम्यानचे लागते.

यूट्यूब स्टुडिओत फीडचा पत्ता देता येतो. यूट्यूब ध्वनिफाइलीची स्वतःची प्रत करून मुखचित्रासह व्हिडिओ बनवते, त्यामुळे तिथले ऐकणे आपल्या आकडेवारीत मोजले जात नाही.

दुसरा प्रतिसाद

वरील सल्ला तांत्रिकदृष्ट्या बरोबर असला तरी मी तो जसाच्या तसा स्वीकारणार नाही. वाचनालयात वर्डप्रेस सांभाळणारा माणूस कोण, आणि तो नोकरीसाठी पुण्याला गेला तर पुढे काय, हे आधी ठरवावे. मी मदत करत असलेल्या एका मंडळाच्या फीडमध्ये एका प्लगइनच्या अद्ययावतीकरणानंतर अगदी सुरुवातीला एक कोरी ओळ शिरली. फीड ज्या एक्सएमएल स्वरूपात लिहिलेली असते त्याला ती चालत नाही, म्हणून ॲप्सनी फीड वाचणे सोडून दिले. संकेतस्थळ व्यवस्थित उघडत असल्यामुळे नवे भाग कोणाकडेच पोहोचत नाहीत हे बरेच दिवस लक्षातही आले नाही. वर्डप्रेसवर जायचेच असेल तर कॅशिंग प्लगइनमधून (पानांच्या साठवलेल्या प्रती दाखवणाऱ्या प्लगइनमधून) फीडचा पत्ता वगळा आणि प्रत्येक भागानंतर फीड व्हॅलिडेटरवर, म्हणजे फीडमधील चुका दाखवणाऱ्या साधनावर, तपासणी करा.

असा माणूस नसेल तर स्पॉटिफाय फॉर क्रिएटर्सवर सुरुवात करणे मी कमीपणाचे मानणार नाही. फक्त मूळ फाइली, वर्णने आणि मुखचित्रे वाचनालयाच्या हार्ड डिस्कवर क्रमवार ठेवा. तिथल्या मांडणीत इतर ॲप्ससाठीची आरएसएस फीड चालू आहे का आणि तिच्यात ईमेल दिसतो का, हे तपासा. इतर ठिकाणी पॉडकास्टची मालकी सिद्ध करताना पडताळणीचा संकेतांक अनेकदा त्याच ईमेलवर येतो. तो ईमेल कोणा एकाचा वैयक्तिक न ठेवता वाचनालयाचाच असावा, पदाधिकारी बदलतात.

पुढे सशुल्क सेवा घ्याल तर शुल्क वार्षिक भरा. दर महिन्याला कार्डावरून आपोआप कापली जाणारी परदेशी रक्कम रिझर्व्ह बँकेच्या ई-मँडेटच्या (आपोआप वसुलीला दिलेल्या ऑनलाइन संमतीच्या) नियमांमुळे कधी कधी नाकारली जाते, आणि थकबाकी झाली की फीड थांबू शकते. डॉलरच्या रकमेवर १८ टक्के जीएसटीही धरा.

धागाकर्ता

दोघांचेही मनापासून आभार. संकेतस्थळ सांभाळणाऱ्या ताई वाचनालयाच्याच कर्मचारी आहेत आणि फीडची तपासणी त्यांच्या नेहमीच्या कामात घालण्यास ग्रंथपालांनी मान्यता दिली आहे. त्यामुळे फीड आमच्या डोमेनवर, फाइली आर२ वर आणि दुसरी प्रत इंटरनेट अर्काइव्हवर, असे ठरवत आहोत. व्हॉट्सॲपवर फाइल न पाठवता भागाच्या पानाचा दुवा पाठवावा, असे आमच्यातील तरुण मंडळी म्हणतात; वयस्क श्रोते दुवा उघडतील का, अशी मला शंका आहे. शिवाय ॲपलकडे नोंदणी पहिला पूर्ण भाग तयार झाल्यावर करावी की आधी?

पहिला प्रतिसाद देणारे

दुवाच पाठवा. फाइल एकदा पुढे गेली की चूक दुरुस्त करता येत नाही आणि कितींनी ऐकले तेही कळत नाही. पॉवरप्रेस पानावरच प्लेअर दाखवते, त्यामुळे ॲप नसले तरी एका स्पर्शात ऐकता येते. ज्येष्ठांसाठी दुव्यासोबत ‘येथे दाबा आणि ऐका’ एवढी ओळ घाला.

नोंदणी आधी करा. फीडमध्ये किमान एक भाग असावा लागतो, म्हणून दोन मिनिटांची झलक तयार करून ती ‘ट्रेलर’ या प्रकाराखाली टाका, भाषा मराठी निवडा आणि मग ॲपल व स्पॉटिफायकडे फीडचा पत्ता द्या. ॲपलच्या तपासणीला काही दिवस लागू शकतात. दोन्हीकडे झलक दिसू लागल्यावरच पहिल्या भागाची तारीख जाहीर करा.