केमोच्या सुट्टीच्या आठवड्यात यांना गावी न्यावं का? परळ ते कणकवली

परळची_वहिनी:

नमस्कार मंडळी. माझ्या मिस्टरांना मोठ्या आतड्याचा कॅन्सर आहे. ऑपरेशन झालं, आता केमो चालू आहे. २१ दिवसांची सायकल असते. पहिल्या दिवशी ऑक्सॅलिप्लॅटिनची सलाईन, मग दोन आठवडे कॅपेसिटाबिनच्या गोळ्या, मग एक आठवडा सुट्टी. निम्म्याहून जास्त सायकल झाल्या आहेत. उपचार टाटाला चालू आहेत आणि आम्ही राहतो परळलाच, म्हणजे चालत जाण्याच्या अंतरावर.

आता यांना गावी जायचंय. गाव कणकवलीपासून आत. श्रावणात देवळात सप्ता बसतो, सात दिवस रात्रंदिवस भजन. हे पखवाज वाजवतात. लग्न होऊन मी या घरात आले तेव्हापासून सप्त्याला हे गावी नाहीत असं कधी झालेलं नाही. इकडे लालबागच्या भजन मंडळातही डबलबारीला यांचाच पखवाज असतो. आता बोटांची टोकं बधिर झाली आहेत, तळहाताची सालं निघतात. शर्टाचं बटण लावायलासुद्धा वेळ लागतो. तरी म्हणतात, "माका गावाक जावचा आसा. वाजवूक नाय गावला तरी चलात, तेंका भेटाक होया."

भेटायचंय ते का, हे सांगते. आजार कळला तेव्हा गावात देवळात यांच्या नावाने गाऱ्हाणं घातलं गेलं. सासूबाईंनी फोन कानाला लावून ते सगळं ऐकलं. त्यानंतर दर पंधरवड्याला कोणी ना कोणी ट्रॅव्हल्सच्या गाडीवर पार्सल चढवतं. उकडा तांदूळ, कुळथाचं पीठ, आगळ. ज्यांची स्वतःची भातशेती चार गुंठ्यांची, त्यांच्याही घरून येतं. आमच्या गावच्या मुंबई मंडळाने वर्गणी काढली. त्यातली बरीच माणसं वॉचमन, हमाल, पेट्रोलपंपावर कामाला. यांनी मला एक वही आणायला लावली आणि प्रत्येकाचं नाव त्यात लिहून घेतात. रक्कम लिहू नको म्हणाले, नावच लिही.

आणि चाळीचं सांगायलाच हवं. आमची दहा बाय बाराची खोली, संडास मजल्याच्या टोकाला, सगळ्यांचे सामाईक. या गोळ्यांनी जुलाब लागतात, ते ज्याने पाहिलंय त्यालाच कळेल. सकाळी रांग असते, आणि माणसाला थांबता येत नाही. मी कोणाला काही बोलले नव्हते. एका रविवारी शेजारच्या भाऊंनी दार वाजवलं आणि हातात किल्ली दिली. मजल्यावरच्या सगळ्यांनी मिळून एक संडास यांच्यासाठी वेगळा ठेवला होता. आत नवा बल्ब, धरायला भिंतीला लोखंडी दांडी. बाकी एवढी बिऱ्हाडं उरलेल्यांवर भागवतात. मी त्या दिवशी गॅलरीत उभी राहून रडले, आणि आजार कळल्यापासून तेव्हाच पहिल्यांदा मोकळेपणाने रडले.

म्हणून यांना "नको" म्हणणं जड जातंय. पण भीती वाटते. देवळातली गर्दी, पाऊस, रात्रीची गाडी. ऑक्सॅलिप्लॅटिनने थंड काही सहन होत नाही, फ्रीजच्या दाराला हात लागला तरी विजेचा झटका बसल्यासारखं होतं म्हणतात. मग एसीच्या डब्यात कसं होणार? दंडाला पिक लाइन आहे, म्हणजे औषध द्यायला शिरेत बसवलेली नळी, तिचं ड्रेसिंग भिजायला नको. आणि मुलगी बारावीला, तिला सासूबाईंजवळ ठेवायची की सोबत न्यायची?

डॉक्टरांना विचारणारच आहे. पण ज्यांनी घरात हे दिवस काढलेत त्यांच्याकडून ऐकायचं आहे. उपचार चालू असताना कोणी प्रवास केलात का?

कल्याणचा_प्रवासी:

वहिनी, मी रेल्वेत तिकीट खिडकीवर नोकरी केली, आता निवृत्त. माझ्या पत्नीची स्तनाच्या कॅन्सरची ट्रीटमेंट झाली, ती आज बरी आहे. आधी रेल्वेचं सांगतो, कारण यात लोकांचा गोंधळ होतो.

कॅन्सरच्या पेशंटला स्लीपर आणि थर्ड एसीमध्ये १०० टक्के सवलत आहे, सोबतच्या एका माणसाला त्याच डब्यात ७५ टक्के. सेकंड क्लास, फर्स्ट क्लास आणि एसी चेअर कारला ७५ टक्के, सेकंड एसी आणि फर्स्ट एसीला ५० टक्के, दोघांनाही. पण ही सवलत उपचारासाठी किंवा तपासणीसाठी जाण्यायेण्याची आहे. हॉस्पिटलने ठरलेल्या नमुन्यात सहीशिक्क्याचा दाखला द्यावा लागतो आणि तिकीट खिडकीवरच निघतं. तुम्ही सप्त्याला चालला आहात, तेव्हा पूर्ण भाडं भरा. ही सवलत ज्यांच्यासाठी आहे त्यांना तिच्याशिवाय मुंबई गाठता येत नाही. मी खिडकीच्या आतून ती माणसं पाहिली आहेत. दरभंग्याहून, मालद्याहून आलेली, फाईल प्लॅस्टिकच्या पिशवीत छातीशी धरलेली.

गाडी तुम्हाला तुतारी एक्स्प्रेस सोयीची, दादरहूनच सुटते. मध्यरात्री असते, पण परळहून दादर म्हणजे टॅक्सीने लगेच. पावसाळ्यात कोकण रेल्वेचं वेळापत्रक वेगळं असतं, गाड्या सावकाश चालवतात, म्हणून वेळ तपासून घ्या आणि उशीर धरूनच औषधं, खाणं जवळ ठेवा. थंडीचा त्रास असेल तर एसी नको, स्लीपर घ्या.

आता दुसरं. माझी पत्नी रेडिएशनला रोज कल्याणहून लोकलने यायची. दिव्यांगांच्या डब्यात कॅन्सरच्या पेशंटला बसता येतं, आम्ही त्यातूनच यायचो. डोक्याला रुमाल बांधलेला, चेहरा उतरलेला. त्या डब्यात एक पायाने अधू असलेले गृहस्थ रोज डोंबिवलीला चढायचे. ती दिसली की तिच्यासाठी खिडकी सोडायची हे त्यांनी स्वतःच ठरवून टाकलं. स्वतः कुबडीवर उभे राहायचे. आम्ही कितीदा नको म्हटलं, ऐकलं नाही. रेडिएशन संपलं त्या दिवशी आम्ही पेढे घेऊन गेलो तर ते त्या गाडीला नव्हते. पुढे बरेच दिवस मी त्याच गाडीने, त्याच डब्याजवळ उतरून बघायचो. भेट झाली नाही. नावही विचारलेलं नव्हतं. तुमच्याकडे निदान वही आहे. यांना भेटू द्या त्या माणसांना. कधी, कसं, ते डॉक्टर सांगतील.

सिस्टर_ओरोस_ठाणे:

ताई, मी डेकेअरला नर्स आहे. ठाण्यात नोकरी, माहेर ओरोसजवळ. म्हणून दोन्ही बाजू माहीत आहेत. तुमच्या डॉक्टरांचा शब्द शेवटचा, पण त्यांना काय काय विचारायचं ते सांगते.

आधी कॅलेंडर घेऊन बसा. सप्ता गोळ्यांच्या आठवड्यात येतोय की सुट्टीच्या? सलाईननंतरचे पहिले काही दिवस थंडीचा त्रास सगळ्यात जास्त असतो, आणि जसजशा सायकल वाढतात तसतसा तो जास्त रेंगाळतो. पांढऱ्या पेशी साधारण दुसऱ्या आठवड्याच्या आसपास खाली असतात. जुलाबही गोळ्या चालू असतानाच बळावतात. सुट्टीचा आठवडा त्यातल्या त्यात बरा, आणि निघण्याआधी सीबीसी, म्हणजे रक्तपेशींची तपासणी, करून आकडे डॉक्टरांना दाखवायचे.

ताप. थर्मामीटर सोबत हवा. १००.४ फॅरनहाइट किंवा वर गेला तर पॅरासिटामॉल देऊन सकाळची वाट बघायची नाही. लगेच फोन आणि लगेच हॉस्पिटल. तुमच्या वाडीतून ओरोसच्या जिल्हा रुग्णालयात रात्री कोणाच्या गाडीने जाणार हे पोचल्याबरोबर ठरवून ठेवा. डिस्चार्ज समरी, केमोचा चार्ट, शेवटचे रिपोर्ट यांचे फोटो दोघांच्याही मोबाईलमध्ये हवेत.

पिक लाइनचं ड्रेसिंग आणि फ्लशिंग आठवड्याला करतात, ते निघायच्या आदल्या दिवशी करून घ्या. तो दंड आंघोळीला प्लॅस्टिकने नीट गुंडाळायचा. आणि त्या हाताने जोरात, सारखी सारखी हालचाल नको. म्हणजे पखवाज नको. तळहाताची सालं निघत असताना तसाही नको, घासलं की ते वाढतं. युरियाची क्रीम चालू असेलच. गरम पाण्यात हातपाय बुडवायचे नाहीत.

एक गोष्ट मुंबईत कोणी सांगणार नाही, म्हणून मी सांगते. श्रावणात आपल्याकडे शेतात पाणी असतं आणि सिंधुदुर्गात लेप्टोचे, म्हणजे साचलेल्या पाण्यातून, चिखलातून होणाऱ्या लेप्टोस्पायरोसिस तापाचे पेशंट दरवर्षी निघतात. तळपायाला चिरा पडलेल्या माणसाने चिखलात, मळ्यात अनवाणी अजिबात उतरायचं नाही. देवळात जाताना चपला काढतात, तेव्हा अंगणातल्या साचलेल्या पाण्यातून जायची वेळ येते. मोजे, गमबूट, काय लागेल ते घ्या, आणि लोक काय म्हणतील याचा विचार करू नका. विहिरीचं पाणी उकळूनच. रात्री गाडीत खिडकीचा वाराही झोंबेल, तेव्हा मफलर, हातमोजे, थर्मासमध्ये कोमट पाणी. गार पाण्याचा घोट घशात गेला तर श्वास अडकल्यासारखं वाटतं, पेशंट घाबरतो. गावी पाहुण्याला पहिलं पाणी गारच देतात, त्यामुळे आधीच सगळ्यांना सांगून ठेवा.

गिरगावची_मावशी:

मी वेगळं मत देते, रागावू नका. आमच्याकडे उपचार संपेपर्यंत कुठेही गेलो नाही. लग्नं, बारशी, गणपती, सगळं सोडलं. मिस्टर पुष्कळ कुढले. पण सप्ता पुढच्या वर्षीही बसेल. देवळाच्या सभामंडपात एवढी माणसं, एकाला खोकला असला तरी पुरे. ज्यांनी गाऱ्हाणं घातलं त्यांनाही हा माणूस बराच व्हायला हवाय. त्यांना फोनवर सांगितलं तर ते समजून घेतील.

परळची_वहिनी:

मावशी, रागावण्याचा प्रश्नच नाही. मीही आतून तुमच्याच बाजूला होते.

सिस्टरांनी सांगितलं तसं कॅलेंडर घेऊन बसले. सप्ता बरोबर गोळ्यांच्या दुसऱ्या आठवड्यात येतोय. कालच्या ओपीडीत डॉक्टरांना वही दाखवली, म्हणजे यांनीच दाखवली. डॉक्टरांनी ती शांतपणे चाळली. मागे रांग होती तरी चाळली. मग म्हणाले, सप्त्याला नाही. सप्ता उठला की नंतरच्या आठवड्यात जा, सीबीसी चांगलं आलं तर. गर्दीत बसायचं नाही, मास्क काढायचा नाही, परत येऊन पुढच्या सायकलच्या तपासणीला वेळेवर हजर व्हायचं. एवढ्या अटींवर जा.

हे दोन दिवस गप्प होते. मला वाटलं, जातच नाही म्हणतील. मग स्वतःच लालबागच्या मंडळात जाऊन सांगून आले. परत आल्यावर म्हणाले, "सप्तो चुकलो तरी माणसां खंय जातली?" सप्त्याला त्यांच्या जागी गावातला एक पोरगा पखवाजावर बसणार आहे. त्याला हे रोज संध्याकाळी फोनवर बोल सांगतात. बोटं चालत नाहीत, तोंडाने सांगतात. सासूबाई जप थांबवून ऐकत बसतात.

मुलीचं तिनेच ठरवलं. ती येणार नाही, क्लास आहेत आणि आजीजवळ कोणीतरी हवं. गोळ्यांचा तक्ता तिनेच करून भिंतीला लावलेला आहे, त्याचा छोटा कागद माझ्या पर्समध्ये घातलाय. शेजारच्या वहिनी रात्री आमच्या खोलीत झोपायला येतील. किल्लीवाल्या भाऊंच्याच घरच्या. त्यांचं नाव वहीत किती वेळा आलंय ते मी मोजलेलं नाही.

अजून एक. मी लहानपणापासून बोर्जेस रोडच्या फुटपाथवर टाटाच्या पेशंटची कुटुंबं बघत आले. माझे वडील गिरणीत होते. पाळी सुटली की येताना कधी कधी कोणाला चहा पाजायचे, आई घरून भाकरी द्यायची. टाटा हॉस्पिटल १९४१ साली सुरू झालं, म्हणजे माझ्या आजीच्या काळापासून परळकर हे बघताहेत. पण त्या माणसांना घरचं छप्पर सोडून यावं लागतं म्हणजे काय, हे मला आता कळतंय. केमो झाल्यावर हे घरी येऊन स्वतःच्या गादीवर आडवे होतात, आणि सलाईनच्या खुर्चीवर शेजारी बसलेला माणूस दादरच्या गाडगे महाराज धर्मशाळेत जागा मिळाली म्हणून आनंदात असतो. केमोच्या दिवशी मी चार पोळ्या जास्त करते. त्याहून जास्त माझ्याच्याने सध्या होत नाही, पण तेवढं चुकवत नाही.

कल्याणचे काका, तुतारीचं स्लीपर काढलं, पूर्ण भाड्याने. एक बर्थ खालचा मिळालाय. तुमच्या त्या गृहस्थांचं यांना वाचून दाखवलं. वहीच्या पहिल्या पानावर यांनी काही लिहायला सांगितलं, ते इथे नाही सांगत.

सिस्टर, ओरोसला जायला रिक्षावाला ठरलाय, रात्री फोन उचलेन म्हणालाय. गमबुटांबद्दल विचारायचं होतं: पायाची सालं निघाली असताना आतून रबर घासलं तर?

सिस्टर_ओरोस_ठाणे:

एक नंबर मोठे घ्या, आत जाड सुती मोजे, आधी क्रीम. ओले झाले की मोजे लगेच बदलायचे, म्हणून तीन-चार जोड ठेवा. घरात, खळ्यात मऊ चपला घालू द्या. बूट फक्त बाहेर पडताना.

परळची_वहिनी:

बरं झालं सांगितलंत. आजच दादरला बघते.

आणि काका, त्या सवलतीची माहिती मी वाडीतल्या एका काकूंना कळवली. त्या तपासणीला दर वेळी पूर्ण भाडं भरून येत होत्या, बरोबर मुलगा, त्याचंही पूर्ण. त्यांना कोणी सांगितलंच नव्हतं. पुढच्या तारखेला त्या आल्या की दाखल्यासाठी आणि परतीच्या तिकिटासाठी मी त्यांच्यासोबत जाणार आहे. दाखल्यावर सही घ्यायला कोणत्या खिडकीवर उभं राहायचं, ते आमच्या वॉर्डातल्या मेडिकल सोशल वर्कर ताईंना उद्या विचारून इथे लिहिते, म्हणजे बाकीच्यांनाही उपयोग होईल.